दोन कटिंग, तिघं वाटेकरी

*अकरावीच्या पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेला ‘बनाना बाँड’ परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला, असं बहुतेकांचं होतं. पण त्या अर्ध्या पानामागे एका शास्त्रज्ञाची बिघडलेली तब्येत आहे, वीस वर्षांच्या एका पोराचा निबंध आहे, दोन डॉलरचं गिफ्ट आहे आणि अजून न संपलेली कॅन्सरशी लढाई आहे. बोरॉन आणि हायड्रोजनच्या पिंजऱ्यांची ही गोष्ट.*

कॅरम खेळताना बोर्डवर भुरभुरवतो ती पांढरी पावडर म्हणजे बोरिक पावडर. सोनाराच्या हाताशी असणारा टाकणखार, तोही बोरॉनचाच. ओव्हनमध्ये न तडकणारी काच, झुरळांसाठी कोपऱ्यात ठेवायच्या गोळ्या... बोरॉन हा तसा आपल्या घरातलाच माणूस. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण हा शांतपणा ऑक्सिजनच्या संगतीचा आहे. ती संगत तोडून बोरॉनची गाठ हायड्रोजनशी घालून दिली, की त्याचा अवतारच बदलतो. काही संयुगं हवेत आली की आपोआप पेट घेतात, काही पाण्याशी भांडतात, बहुतेकांना उग्र वास आणि बरीचशी विषारी. यांना म्हणतात बोरेन. आणि यांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे शाळेत शिकलेल्या हिशेबाप्रमाणे यांनी अस्तित्वात असायलाच नको होतं!

हिशेबात दोन कमी

शाळेतला हिशेब आठवा. दोन अणूंच्या मध्ये एक रेघ मारायची. एक रेघ म्हणजे एक बंध, आणि एक बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. पाणी, मिथेन, साखर, सगळं या रेघांवर चालतं.

आता सगळ्यात छोटं स्थिर बोरेन घेऊ. नाव डायबोरेन, सूत्र बी२एच६. दोन बोरॉन, सहा हायड्रोजन. सूत्र इथेनसारखं दिसतं, म्हणून रचनाही तशीच असणार असं वाटणं साहजिक आहे. मध्ये दोन बोरॉन एकमेकांना जोडलेले, प्रत्येकाला तीन-तीन हायड्रोजन. एकूण रेघा सात, म्हणजे इलेक्ट्रॉन हवेत चौदा.

खिशात किती आहेत? बोरॉनकडे प्रत्येकी तीन, म्हणजे सहा. सहा हायड्रोजनचे सहा. एकूण बारा. दोन कमी!

तरीही डायबोरेन आहे. बाटलीत भरता येतो, वजन करता येतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत सिलिकॉनमध्ये बोरॉन मिसळायला हा वायू आजही वापरतात. म्हणजे चूक डायबोरेनची नव्हती, आपल्या रेघेची होती. पण हे मान्य करायला रसायनशास्त्राला बरीच वर्षं लागली.

पाऱ्याच्या वाफेत

या गोष्टीतला पहिला माणूस म्हणजे जर्मनीचा आल्फ्रेड स्टॉक. याला तुम्ही ओळखता, फक्त ओळखता हे माहीत नाही. आयर्नच्या पुढे कंसात रोमन तीन लिहून ‘आयर्न थ्री क्लोराइड’ म्हणतो ना, ती पद्धत याचीच. पुस्तकात तिला ‘स्टॉक पद्धत’ म्हणतात.

१९१२च्या सुमारास स्टॉकने बोरेनचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. मॅग्नेशियम बोराइडवर आम्ल टाकायचं, आणि त्यातून निघणाऱ्या वायूंच्या खिचडीतून एकेक पदार्थ वेगळा काढायचा. अडचण एकच. हवा लागली की खेळ खलास. मग त्याने सगळं काम बंद काचेच्या नळ्यांमध्ये, निर्वात जागेत करायचं तंत्र उभं केलं. प्रयोगशाळांत आज ‘व्हॅक्यूम लाइन’ म्हणून जे दिसतं, त्याचे पूर्वज हेच. या नळ्यांमधून त्याने बी२एच६, बी४एच१०, बी५एच९, बी१०एच१४ अशी एक अख्खी कुळी शोधून काढली.

पण या उपकरणांतले पंप आणि झडपा पाऱ्यावर चालायच्या. आणि पारा खोलीच्या तापमानालाही वाफ सोडतो, न दिसणारी, न जाणवणारी. स्टॉकला डोकेदुखी सुरू झाली, चक्कर येऊ लागली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. वर्षानुवर्षं कारण कळेना. १९२४मध्ये उलगडा झाला, पाऱ्याची विषबाधा. १९२६मध्ये त्याने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याबद्दल जाहीर लेख लिहिला. स्वतःच्या शरीराचे हाल तपशिलात मांडले, इतरांनी सावध व्हावं म्हणून. पुढे पारा मोजायच्या बारीक पद्धतींवरही त्याने काम केलं. १९४६मध्ये तो गेला.

बोरेन आहेत, त्यांची सूत्रं अमुक अमुक आहेत, हे जगाला स्टॉकने दिलं. ते अणू एकमेकांना धरून कसे राहतात, हे मात्र कोडंच राहिलं.

ट्युटोरियलमधला पूल

एक उत्तर तसं आधीच कुणीतरी सुचवून ठेवलं होतं. १९२१मध्ये डिल्थी नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने म्हटलं होतं, की दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनच्या मध्ये पुलासारखे बसले असतील. पण हायड्रोजन एका वेळी दोघांशी कसा जोडला जाईल? त्याच्याकडे तर एकच इलेक्ट्रॉन! त्यामुळे फार कुणी मनावर घेतलं नाही. रासायनिक बंधांवरचा त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस, लायनस पॉलिंग, तोही इथेनसारख्या रचनेच्या बाजूने होता. १९३७च्या एका प्रयोगानेही तिकडेच कौल दिला होता.

मग महायुद्धाच्या धामधुमीत, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात, ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स नावाचा विद्यार्थी ट्युटोरियलसाठी बोरॉनवर निबंध लिहायला बसला. पदवीही हातात नव्हती. त्याला पुलाची रचना पटली आणि ती का शक्य आहे हेही त्याने मांडलं. त्याचे शिक्षक आर. पी. बेल यांनी हे ‘सबमिशन’ म्हणून तपासून बाजूला ठेवलं नाही. दोघांच्या नावाने १९४३मध्ये शोधनिबंध छापून आला. लेखकाचं वय जेमतेम वीस.

पुलाचा हिशेब असा. बाहेरच्या बाजूला चार हायड्रोजन, त्यांच्या नेहमीच्या चार रेघा. त्यात आठ इलेक्ट्रॉन गेले. उरले चार. उरलेले दोन हायड्रोजन मधे, एक वर, एक खाली. प्रत्येक पुलाच्या वाट्याला दोन इलेक्ट्रॉन. आणि ते दोन इलेक्ट्रॉन तिघांना धरून ठेवतात, बोरॉन, हायड्रोजन, बोरॉन. कँटीनमध्ये तिघं मित्र आणि पैसे दोनच कटिंगचे, तेव्हा आपण जे करतो, तेच!

रसायनशास्त्रात याचं नाव ‘तीन केंद्रं, दोन इलेक्ट्रॉन’ बंध. आकार वाकलेला, म्हणून लाडाने बनाना बाँड. वाटून घेतलेला चहा प्रत्येकाला थोडा कमीच मिळतो, तसा हा बंधही जरा सैल असतो. बाहेरच्या हायड्रोजनचं बोरॉनपासूनचं अंतर साधारण ११९ पिकोमीटर, पुलावरच्या हायड्रोजनचं १३३च्या आसपास.

पुढच्या काही वर्षांत इन्फ्रारेड वर्णपटाने पुलाच्या बाजूने साक्ष दिली. १९५१मध्ये हेडबर्ग आणि शोमेकर यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाने उरलासुरला वाद मिटवला. गंमत म्हणजे हे दोघं होते कॅल्टेकमध्ये, म्हणजे खुद्द पॉलिंगच्याच संस्थेत.

आणि तो विद्यार्थी? पुढे तो मोठा सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ झाला. ‘हिग्ज बोसॉन’वाले पीटर हिग्ज यांच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांपैकी तो एक. चाळिशीनंतर त्याने थेट क्षेत्रच बदललं आणि एडिंबरोला जाऊन कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम सुरू केलं. तिथे त्याच्या हाताखाली पीएचडी केलेला एक विद्यार्थी म्हणजे जेफ्री हिंटन, एआयचे ‘गॉडफादर’, २०२४चे नोबेलविजेते. ‘स्ट्रीम बदलली की करिअर संपलं’ असं कुणी सुनावलं, तर हे नाव लक्षात ठेवा.

पिंजरा, घरटं आणि कोळ्याचं जाळं

डायबोरेन सुटला, पण पुढची भावंडं त्याहून विचित्र निघाली. डेकाबोरेन म्हणजे बी१०एच१४. पांढरे स्फटिक, उग्र वास. १९४८मध्ये क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा दहा बोरॉनची एक टोपली दिसली. अणूंच्या साखळ्या माहीत होत्या, कडी माहीत होती. ही टोपली कुणाच्याच नकाशात नव्हती.

इथे आला अमेरिकेचा विल्यम लिप्सकोम, पॉलिंगचाच पीएचडीचा विद्यार्थी. बरीचशी बोरेन खोलीच्या तापमानाला वायू किंवा द्रव असतात, मग क्ष-किरणांसाठी स्फटिक आणायचे कुठून? लिप्सकोमच्या गटाने ती बारीक काचनळ्यांत भरून थंड केली, गोठवून स्फटिक बनवले आणि एकेक करून त्यांचे अणू कुठे बसलेत ते शोधलं. त्यातून एक गोष्ट कळली. वाटून घेण्याचा प्रकार फक्त पुलापुरता नाही. तीन बोरॉनसुद्धा दोन इलेक्ट्रॉनमध्ये भागवतात. अख्खा पिंजरा असा उधारउसनवारीवर उभा असतो. या कामासाठी त्याला १९७६चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं. पुढे त्याचे दोन विद्यार्थी, रोआल्ड हॉफमन आणि थॉमस स्टाइट्झ, हेही नोबेलपर्यंत पोचले.

या आकारांची नावंही मस्त आहेत. बंद पिंजरा तो ‘क्लोसो’. एक कोपरा उघडा असलेलं घरटं ते ‘निडो’. दोन कोपरे गायब, म्हणजे कोळ्याचं जाळं, ते ‘अरॅक्नो’. आणि कुठलं संयुग कुठला आकार घेणार, हे चक्क बोटांवर मोजून सांगता येतं. इंग्लंडमध्ये डरहॅमच्या केनेथ वेड यांनी १९७१मध्ये हा नियम मांडला.

> कागद-पेन घ्या!
>
> वेडचा हिशेब दोन मिनिटांत जमतो. प्रत्येक बोरॉनचा बाहेर निघालेला एक हायड्रोजन त्याच्याजवळ सोडून द्या. अशी एक ‘बोरॉन-हायड्रोजन’ जोडी पिंजऱ्याला २ इलेक्ट्रॉन देते. जास्तीचा प्रत्येक हायड्रोजन १ देतो. ऋण भार असेल तर तेवढे आणखी मिळवा. बेरजेला दोनने भागा, जोड्या मिळतील.
>
> पहिलं : दोन ऋण भार असलेला बी६एच६. ६ × २ = १२, अधिक २ = १४. जोड्या ७. बोरॉन ६, जोड्या एकने जास्त. म्हणजे बंद पिंजरा. आकार अष्टफलक, दोन पिरॅमिड तळाशी तळ लावून चिकटवल्यासारखा.
>
> दुसरं : बी५एच९. ५ × २ = १०, जास्तीचे हायड्रोजन ४, एकूण १४. जोड्या ७. बोरॉनपेक्षा दोनने जास्त. म्हणजे घरटं. तोच अष्टफलक, एक कोपरा कमी. उरतो चौकोनी तळाचा पिरॅमिड.
>
> तिसरं : बी४एच१०. ४ × २ = ८, जास्तीचे ६, एकूण १४. जोड्या पुन्हा ७! बोरॉनपेक्षा तीनने जास्त. म्हणजे जाळं. दोन कोपरे कमी, आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा.
>
> तीन वेगळी संयुगं, तीन वेगळे आकार, पण आतला सांगाडा एकच. आता बी१०एच१४ तुम्ही करा. उत्तर ‘घरटं’ यायला हवं.

बारा टिकल्यांचा फुटबॉल

या घराण्यातला सगळ्यात देखणा सदस्य ओळखायचा असेल तर जुन्या पद्धतीचा फुटबॉल घ्या, काळा-पांढरा. त्यावर बारा काळे पंचकोन असतात. प्रत्येकाच्या मध्यावर एक टिकली लावा आणि शेजारच्या टिकल्या दोऱ्याने जोडा. वीस त्रिकोणांची एक आकृती तयार होईल. प्रत्येक टिकलीच्या जागी बोरॉन आणि त्यातून बाहेर निघालेला एक हायड्रोजन ठेवला, की झाला डोडेकाबोरेट, बी१२एच१२.

लाँगेट-हिगिन्स इथेही आधी पोचला होता! १९५५मध्ये त्याने आणि रॉबर्ट्सने गणित करून सांगितलं, की हा पिंजरा टिकायचा असेल तर त्याच्यावर दोन ऋण भार हवेत. वरच्या हिशेबाने बघा. १२ × २ = २४, अधिक २ = २६, जोड्या १३. बारापेक्षा बरोबर एक जास्त, बंद पिंजरा. १९६०मध्ये हॉथॉर्न आणि पिटोचेली यांनी तो प्रत्यक्ष बनवला.

आणि स्वभाव? भाऊबंद हवेत पेटतात, हा मात्र पाण्यात आरामात राहतो, आम्लाला दाद देत नाही, त्याचे क्षार शेकडो अंश तापमान झेलतात आणि विषारीपणाही कमी. इलेक्ट्रॉनची टंचाई तीच. पण ती बाराही जणांत सारखी वाटली गेली आणि कुणा एकाच्या अंगावर पडली नाही, की पिंजरा दगडासारखा टिकतो.

दोन डॉलरचं गिफ्ट

आता थोडा रोमान्स. १९३६, शिकागो. हर्बर्ट ब्राऊन नावाच्या गरीब घरातल्या मुलाने पदवी मिळवली. त्याची मैत्रीण सारा बेलेन हिने त्याला पुस्तक भेट दिलं, स्टॉकने लिहिलेलं, बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइड्सवरचं. हेच का निवडलं? कारण विद्यापीठाच्या दुकानातलं रसायनशास्त्राचं ते सगळ्यात स्वस्त पुस्तक होतं, दोन डॉलर! मंदीचा काळ, खिसा तेवढाच.

ब्राऊनने ते वाचलं, आणि पुढचं सगळं आयुष्य बोरॉनला दिलं. पीएचडी डायबोरेनवर. नंतर सोडियम बोरोहायड्राइड, जे आज सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत जवळपास रोज लागतं. १९५६मध्ये त्याने बी. सी. सुब्बा राव या भारतीय सहकाऱ्यासोबत हायड्रोबोरेशनची पद्धत मांडली. बीएस्सीत अल्कीनपासून ‘उलट्या बाजूने’ अल्कोहोल बनवायची जी अभिक्रिया पाठ करता ना, तीच. १९७९मध्ये ब्राऊनला नोबेल मिळालं. सारा तोवर कधीच मिसेस ब्राऊन झाली होती. आणि त्याच्या नावाची आद्याक्षरं बघा, एच, सी, बी. हायड्रोजन, कार्बन, बोरॉन. योगायोग असा असावा!

हिरवा ड्रॅगन

सगळ्याच गोष्टींचा शेवट असा गोड नाही. बोरेन जळताना पेट्रोलियम इंधनापेक्षा वजनाच्या मानाने जास्त उष्णता देतात. शीतयुद्धात १९५०च्या दशकात अमेरिकेच्या लष्कराला यात विमानांचं, क्षेपणास्त्रांचं इंधन दिसलं. कारखाने उभे राहिले, बक्कळ पैसा ओतला गेला. पण पेंटाबोरेन हवेत आपोआप पेटतं, आणि त्याची वाफ थेट मज्जासंस्थेवर घाव घालते. जळताना हिरवी ज्वाला, म्हणून टोपणनाव पडलं ‘हिरवा ड्रॅगन’. वर जळल्यावर उरणारं बोरॉन ऑक्साइड इंजिनाच्या पात्यांवर काचेसारखं चिकटून बसायचं. १९५९मध्ये हा नाद सोडून देण्यात आला.

ती हिरवी झाक मात्र आजही दिसते. फाल्कन ९ रॉकेटचं उड्डाण बघताना इंजिन पेटतानाच्या क्षणी पॉज करा. क्षणभर हिरवा लखलखाट दिसेल. तो असतो ट्रायएथिलबोरेनचा, बोरेनच्याच नात्यातला. इंधन म्हणून नापास झालेलं घराणं काडेपेटी म्हणून पास झालं.

आता खरा पेपर

इतकं सगळं झालं, पण उपयोग काय? यातला सगळ्यात महत्त्वाचा उपयोग अजून पुरता हातात आलेला नाही.

निसर्गातल्या बोरॉनपैकी साधारण २० टक्के अणू ‘बोरॉन-१०’ या प्रकारचे असतात. त्यांच्यावर मंद गतीचा न्यूट्रॉन आदळला की अणू फुटतो, एक हेलियमचा आणि एक लिथियमचा तुकडा उडतो. हे तुकडे जेमतेम एका पेशीच्या रुंदीइतके धावतात आणि वाटेतलं सगळं उद्ध्वस्त करतात. म्हणजे बोरॉन फक्त कॅन्सरच्या पेशीत शिरला, तर मरणार तीच पेशी, शेजारची वाचणार. १९३६मध्ये गॉर्डन लोचर यांनी ही कल्पना मांडली. १९५०च्या दशकात अमेरिकेत रुग्णांवर प्रयोग झाले आणि फसले, कारण बोरॉन गाठीत पुरेसा थांबतच नव्हता, रक्तातच फिरत राहायचा.

इथे डोडेकाबोरेट कामाला आला. एका फटक्यात बारा बोरॉन पोचवणारा, कमी विषारी पिंजरा. त्याला गंधकाची एक शेपटी लावून बनवलेलं बीएसएच हे संयुग जपानच्या हिरोशी हातानाका यांनी १९६८पासून मेंदूच्या गाठींसाठी वापरलं. २०२०मध्ये जपानने डोक्या-मानेच्या काही कॅन्सरसाठी ही उपचारपद्धती मंजूर केली. मात्र त्यात वापरायचं औषध पिंजऱ्याचं नाही, एका बोरॉनचं आहे, कारण ते गाठीच्या पेशींत जास्त चांगलं शिरतं. पिंजऱ्यात माल भरपूर, पण त्याला नेमका पत्ता सापडत नाही. पत्ता शिकवायचं काम जगभर चालू आहे, आणि तुमच्यातल्या कुणीतरी त्यात हात घालावा इतकं ते उघडं आहे.

बाकीची यादीही छोटी नाही. पिंजऱ्यात दोन कार्बन बसवले की कार्बोरेन होतात. कार्बोरेनपासून बनलेलं एक आम्ल सल्फ्युरिक आम्लाच्या किमान दहा लाख पट तीव्र आहे, तरी काचेच्या बाटलीत मुकाट बसतं. घन इलेक्ट्रोलाइटच्या बॅटऱ्यांसाठी या पिंजऱ्यांचे क्षार तपासले जातायत. दोन टोपल्या एका कडेने चिकटलेल्या बी१८एच२२पासून २०१५मध्ये निळसर-जांभळा लेसर मिळाला, बोरेनपासून मिळालेला पहिला लेसर.

आणि अशा चिकटलेल्या पिंजऱ्यांचा हिशेब वेडच्या नियमात बसत नव्हता. तो २००१मध्ये बसवला हैदराबाद विद्यापीठातल्या ई. डी. जेम्मिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ‘एमएनओ नियम’ म्हणून तो ओळखला जातो. पिंजरे किती, कोपरे किती, किती ठिकाणी एकच अणू सामाईक, किती कोपरे गायब, यांची बेरीज म्हणजे लागणाऱ्या इलेक्ट्रॉन जोड्या. बी१८एच२२चं बघा. पिंजरे २, कोपरे १८, सामाईक अणू ०, गायब कोपरे २. उत्तर २२, अगदी बरोबर. पेन, कागद आणि चिकाटी यांवर भारतात झालेलं हे काम आज जगभर शिकवलं जातं.

पुढच्या वेळी डायबोरेनची आकृती काढाल, तेव्हा मधल्या दोन वाकड्या रेषा जरा सावकाश काढा. ‘एक रेघ, दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन’ हा नियम निसर्गाचा नव्हता, आपल्या सोयीचा होता. तो कुठे मोडतो ते शोधायला स्टॉकला आयुष्य लागलं. तो मोडला तरी चालतं, हे सांगायला एका विद्यार्थ्याचं एक ट्युटोरियल पुरलं.